रिकाम्या कंसाचा अभिमान

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो, जेव्हा सत्य त्याच्यापुढे उभं राहतं आणि तो नतमस्तक होतो. माझ्या आयुष्यात तो क्षण सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या एका औद्योगिक इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, दुपारच्या जेवणानंतर आला. मी नतमस्तक वगैरे झालो नाही. सत्य माझ्यापेक्षा बरंच लहान होतं, पुण्याचंच होतं, आणि त्याच्या शर्टाला कडक इस्त्री होती. मला त्याचा हेवा वाटला.

आमची कंपनी लहान होती. तुआसच्या बाजूला जहाजं दुरुस्त करणारी यार्डं आहेत, त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो. खालच्या मजल्यावर करी पफ करून गोठवण्याचा कारखाना होता. त्यामुळे लिफ्टला कायम तळलेल्या कांद्याचा वास असे आणि मीटिंगला येणारा प्रत्येक पाहुणा वर पोचेपर्यंत भुकेला झालेला असे. दोन हजार दहाच्या दशकाच्या मध्यावर आमचा आर्किटेक्ट मेलबर्नला निघून गेला. आर्किटेक्ट म्हणजे इमारतींचा नव्हे. प्रोग्रामची रचना कशी असावी हे ठरवणारा आणि इतरांनी ती का बिघडवली हे सांगणारा. ती जागा मला हवी होती. मी तिथे सगळ्यांत जुना होतो, कंपनीचं मुख्य मॉड्यूल माझ्या हातचं होतं, आणि बायकोने माझ्या आईला फोनवर "यंदा ह्यांचं होईल बहुतेक" असं सांगून टाकलं होतं. पुण्यात एकदा बातमी गेली की ती परत मागवता येत नाही.

आमची मॅनेजर पन्नाशीची सिंगापुरी चिनी बाई होती. शब्द वाया घालवणं तिला पाणी वाया घालवण्यासारखं वाटायचं. ती म्हणाली, नवी आवृत्ती करायची आहे, तुआसच्या यार्डात डेमो आहे, तो झाला की आर्किटेक्ट कोण ते सांगते. असं म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्या कडक इस्त्रीवाल्याकडेही पाहिलं. ते मला आवडलं नाही.

तो त्याच वर्षी आला होता. नम्र, हुशार, वेळेवर येणारा. दुपारी डब्यातलं थालीपीठ सगळ्या टेबलावर फिरवायचा आणि ते खरोखर चांगलं असायचं. मला तो 'दादा' म्हणायचा. दादा ही पदवी कशासाठी असते हे मला ठाऊक आहे. ज्याला मागे टाकायचं त्याला आधी ती देतात.

इथे माझ्या मॉड्यूलबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. प्रोग्राम म्हणजे एक कचेरी समजा. तिच्यात पुष्कळ छोटे कारकून असतात आणि प्रत्येकाला एकेक काम येतं. ह्या कारकुनांना ऑब्जेक्ट म्हणतात. माझा मुख्य कारकून गोदीचा होता. अमुक जहाज तमुक दिवशी दुरुस्तीच्या गोदीत घेता येईल का, एवढंच तो सांगायचा. त्यासाठी त्याला भरतीच्या वेळा लागत, क्रेन मोकळी आहे का ते लागे, वाऱ्याचा अंदाज लागे, आजची तारीख लागे. हे सगळं तो स्वतः मिळवायचा. कुठून, हे कुणी विचारायचं नाही. कारकून कामावर घेताना प्रोग्रामर एक ओळ लिहितो आणि त्याच्या हातात काय काय द्यायचं ते कंसात मांडतो. माझ्या कारकुनाचा कंस रिकामा असे. "त्याला काही द्यावं लागत नाही," मी नव्या लोकांना सांगायचो, "नुसतं बोलवा, आपलं आपण बघतो तो." त्या रिकाम्या कंसाचा मला फार अभिमान होता. आपल्या मुलाने कधी कशासाठी हट्ट केला नाही, असं सांगणाऱ्या आईबापांना असतो तसा.

त्याने आल्यावर दुसऱ्याच महिन्यात मॅनेजरकडून एक तास मागून घेतला आणि व्याख्यान दिलं. पहिल्या स्लाइडवर ग्रीक देवळाचे खांब होते. संगणकाच्या व्याख्यानांत खांब का असतात हे मला कधीच कळलेलं नाही. छप्पर बहुधा श्रोत्यांनी आणायचं असतं. मी मागे बसलो, कारण पुढून जांभई दिसते. नियंत्रणाची दिशा उलटवणं, अवलंबित्व बाहेरून देणं, असे मोठमोठे शब्द त्याने इंग्रजीत वापरले आणि लोकांनी ते वहीत उतरवून घेतले. त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं: ऑब्जेक्टला जे जे लागणार आहे ते त्याला जन्मतःच हातात द्या, त्याला ते शोधत फिरायला लावू नका. हे सांगायला तास कशाला, असं मी शेजारच्याला म्हणालो. तो म्हणाला, "शूः."

मग ते जेवण. खालच्या कॉफीशॉपमध्ये आम्ही दोघं जेवून वर आलो आणि त्याने माझ्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"दादा, एक विचारू? तुमच्या गोदीच्या कारकुनाला काय काय लागतं?"

कारकून हा शब्द माझा होता. तो त्याने उचललेला पाहून मला बरं वाटलं आणि लगेच वाईटही.

"भरती, क्रेन, वारा, तारीख."

"एवढंच?"

"एवढंच. मी लिहिलाय तो."

त्याने माझा कोड उघडला आणि बोट न लावता, पेनाच्या टोकाने दाखवू लागला. "मग हे सुट्ट्यांचं कॅलेंडर कशाला वाचतोय?"

"चिनी नववर्षात कामगार नसतात."

"बरोबर. आणि ही वापरणाऱ्याची भाषा?"

"ती… पूर्वी एका गिऱ्हाईकाला हवी होती."

"आणि हा ईमेलचा सर्व्हर?"

ईमेलचा सर्व्हर तिथे का होता ते मला आठवेना. माझा गुणी, काही न मागणारा मुलगा गावभर उधारी करून बसला होता.

"दादा, कंसात लिहिलं असतं ना, तर हे सगळं पहिल्याच ओळीत दिसलं असतं."

"कंसात लिहिलं असतं तर कंस दोन ओळींचा झाला असता. बघवला नसता."

"तेच तर," तो उत्साहाने म्हणाला. "बघवला नसता, म्हणून आपण विचारलं असतं की एकट्या कारकुनाला इतकं कशाला लागतंय? आत्ताही त्याला तेवढंच लागतंय. फक्त तो बोलत नाही."

मी म्हणालो, "आणि हे सगळं गोळा करून त्याच्या हातात कोण देणार? तुझा काका?"

"कुणीतरी एकजण. दारातच. प्रोग्राम सुरू होतो तिथे."

"म्हणजे त्रास कमी नाही केलास. हलवलास."

"हलवला," तो म्हणाला. "पण दिसेल अशा जागी."

हाच तो क्षण. मला कळलं की त्याचं बरोबर आहे. तो चुकला असता तर मी त्याला माफ केलं असतं, थालीपिठासकट. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मला एक फोन करायचाय असं सांगून पँट्रीत जाऊन उभा राहिलो.

त्यात भर म्हणून मॅनेजरने त्याला धक्क्याचा भाग लिहायला दिला. गोदी मोकळी होईपर्यंत जहाज कुठे बांधून ठेवायचं, ते सांगणारा. त्यालाही भरती लागे. त्याने आपल्या कारकुनाला खऱ्या भरतीऐवजी एक खोटी भरती हातात दिली, हवी तेवढी उंच, हवी तेव्हा. त्याच्या कारकुनाला फरक कळत नव्हता, कळायची गरजही नव्हती. मोठी उधाणाची भरती आल्यावर काय होईल, हे तपासायला मी आजवर ऑफिसच्या मशीनची तारीख पुढे ढकलत आलो होतो, आणि मग सगळ्यांना पुढच्या महिन्यातल्या मीटिंगांची स्मरणपत्रं जात. त्याने मॅनेजरपुढे एका बटणावर तीन महिन्यांच्या भरत्या आणून ओतल्या. तिची कॉफी अजून गरम होती.

"कॅन टेस्ट एनी टाइम?" तिने विचारलं.

"कॅन," तो म्हणाला.

"गुड." तिच्या तोंडून हा शब्द मी इतक्या वर्षांत फक्त डुरियनच्या फळाबद्दल ऐकला होता.

त्याच सुमारास त्याने सत्यनारायणाला बोलावलं. तो ऑफिसपासून जवळच कॉन्डोत राहायचा. आम्ही बुकित पंजांगला, सरकारने बांधलेल्या एचडीबीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खालून जाताना मुलीने पोहण्याचा तलाव पाहिला आणि म्हणाली, "बाबा, देअर्स गॉट पूल, लाह. व्हाय अवर्स डोंट हॅव?" मी म्हणालो, आपल्याकडे एलआरटीची छोटी रेल्वे आहे. तिला हे उत्तर पटलं नाही आणि मलाही नाही.

आदल्या वर्षी आमच्याकडेही सत्यनारायण झाला होता. इथले गुरुजी आठवडाभर एका विमा कंपनीत हिशेब बघतात आणि शनिवार-रविवारी पूजा सांगतात. पोथी त्यांच्या टॅबलेटवर असते. आमच्याकडे ते मंत्र म्हणता म्हणता मध्येच थांबून "जानवं?" म्हणायचे आणि मी सोवळ्याचा काष्टा सावरत आतल्या खोलीत धावायचो. परत येऊन बसतो न बसतो तोच "हळकुंडं?" मी स्वयंपाकघरात. "बदाम चालतील, खारीक नसेल तर," असं गुरुजीच तडजोड करायचे. शेवटी तुळशीची वेळ आली. कॉरिडॉरमधल्या कुंडीतली आमची तुळस केव्हाच काटकी झाली होती, हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. मी फ्रिज उघडला आणि बायकोने करीसाठी आणलेली थाई बेसिल देवापुढे ठेवली. पानं हिरवी होती, देठ जांभळा होता, नात्यातलीच होती. गुरुजींनी एक पान उचललं, हुंगलं, माझ्याकडे पाहिलं आणि मंत्र पुढे चालू ठेवला. सगळं सुरळीत पार पडलं. फक्त तीर्थाला बडीशेपेचा वास येत होता. मला वाटतं जगात हा घोटाळा फक्त आमच्यासारख्यांच्याच घरी होऊ शकतो.

तर त्याच्या पूजेला मी जो गेलो, तो दर्शनाला गेलो असं म्हणणं धाडसाचं होईल. काय राहिलंय ते बघायला गेलो. हात जोडून बसलो आणि डोळ्यांनी ताटं तपासू लागलो. विड्याची पानं होती, पुसून, देठ एका बाजूला. सुपाऱ्या, खारका, बदाम, हळकुंडं आपापल्या वाट्यांत. जानवं सोडवून ठेवलेलं. कापसाची वस्त्रं. केळीचे खुंट चौरंगाला बांधलेले, आणि तेही समान उंचीचे. तुळस एवढी, की बहुधा त्याच्या कुंडीला खत लागू पडलं असावं. गुरुजी न बघता हात पुढे करायचे आणि हवी ती गोष्ट त्यांच्या तळहातावर यायची. तो स्वतः पूजा संपेपर्यंत पाटावरून एकदाही उठला नाही.

"वा," गुरुजी म्हणाले. "अशी पूजा सांगायला मजा येते. नाहीतर काही ठिकाणी…" आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. ते टाळणं सगळ्यांना दिसलं.

बायकोने मला कोपराने हलकेच ढोसलं. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं, म्हणून मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तिथे त्याची बायको स्टुलावर बसली होती. पैठणी नेसलेली, नथ घातलेली आणि पाय दुसऱ्या स्टुलावर पसरलेले.

"या भावजी. पाणी देऊ?"

"मी घेतो. दमलेल्या दिसताय."

"अहो, टेक्काच्या मंडईत तीनदा गेले ह्या आठवड्यात. एकदा पानांना, एकदा खुंटांना. आणि मग हे म्हणाले, सुपाऱ्या मोजून बघ गं, ऐन वेळी कमी नको पडायला. तर कमीच होत्या. परत गेले."

"आणि त्याने काय केलं?"

"ह्यांनी ताटं लावली," ती म्हणाली. "रांगेत."

माझ्या जिवाला जी शांती त्या क्षणी मिळाली ती पूजेने मिळाली नव्हती. दारात सगळं गोळा करणारा तो एकजण मला सापडला होता. घरी परतताना एलआरटीत मी बायकोला हे अगदी रंगवून सांगितलं. व्याख्यान देतो, खांब दाखवतो, आणि सामान कोण आणतं? बायको!

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग आपल्याकडे कोण आणतं?"

"तू."

"तेच. फक्त तिला आठवडाभर आधी सांगतात. मला पूजा सुरू झाल्यावर."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मीही बघू लागलो. त्या गाडीच्या खिडक्या लोकांच्या घरांजवळून जाताना आपोआप धूसर होतात, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं.

डेमोच्या दिवशी मॅनेजर, तो आणि मी टॅक्सीने तुआसला गेलो. यार्डातला डॉकिंगचा प्रमुख आपलाच निघाला, अलिबागकडचा. उभी हयात बोटीवर इंजिनं सांभाळून इथे जमिनीवर आलेला. आवाज असा, की वाऱ्यात बोलायची सवय लागलेली. इंग्रजीत सगळ्यांशी हात मिळवून झाल्यावर त्याने मराठीत आम्हा दोघांना विचारलं, "कुठले?" पुणे म्हटल्यावर तो "असू दे" म्हणाला.

आधी माझं मॉड्यूल होतं. पडद्यावर ते ऐटीत उघडलं. गोदीचा नकाशा आला, जहाजांची चित्रं आली, रंग आले. मॅनेजरची मान किंचित हलली. डॉकिंगवाल्याने एका टँकरचं नाव सांगितलं आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. मी बटण दाबलं.

पडद्यावर आलं: गोदीच्या उंबरठ्यावर पाणी शून्य मीटर. जहाज आत घेता येणार नाही.

"बरं, दोन दिवसांनी?"

शून्य मीटर.

"पुढच्या महिन्यात, अमावास्येला?"

शून्य मीटर. जहाज आत घेता येणार नाही.

काय झालं होतं ते मला दुसऱ्याच शून्याला कळलं. माझा कारकून भरतीचा तक्ता आणायला सवयीप्रमाणे बुकित बातोकच्या आमच्या मशीनकडे निघाला होता, आणि यार्डाचं नेटवर्क परक्यांना बाहेर सोडत नव्हतं. त्याच्यावर हात हलवत परत यायची वेळ कधीतरी येईल, हे मी पूर्वीच जाणून होतो. म्हणून मी त्याला शिकवून ठेवलं होतं की उत्तर नाही मिळालं तर शून्य धर, पण लोकांपुढे कोसळू नकोस. तो कोसळला नाही. आज्ञाधारकपणे, रंगीत अक्षरांत, त्याने पाणी काढून घेतलं.

डॉकिंगवाल्याने खुर्ची वळवून खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर सामुद्रधुनी काठोकाठ भरलेली होती आणि तिच्यात निदान वीसेक जहाजं उभी होती. मग तो माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "अहो, समुद्र आटवलात की तुम्ही! पुराणात एका ऋषीनं प्यायला होता म्हणतात. त्याच्यानंतर तुम्हीच."

मॅनेजरने विचारलं, "व्हॉट डिड ही से?"

मी सांगितलं की ते पाण्याबद्दल बोलतायत.

"दादा, नेटवर्क नाहीये," तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत, "आमच्या मशीनपर्यंत इथून पोचता येत नाहीये, तेवढंच आहे." तेवढंच! मी त्याच्या जागी असतो तर निदान एक उसासा टाकला असता. त्याने तोही टाकला नाही. माझ्या अपयशातली मजा घेण्याइतकाही तो सामान्य नव्हता, आणि ह्याबद्दल मी त्याला अजून पुरती माफी दिलेली नाही.

मग त्याने त्याचा धक्क्याचा भाग उघडला. तो उघडलाच नाही. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ आली: भरतीचा तक्ता मिळालेला नाही, त्याशिवाय सुरू होता येणार नाही. माझ्या मनात एक दिवा लागला. त्याचंही पडलं! पण त्याने डॉकिंगवाल्याला विचारलं, "तुमच्याकडे तुमचा तक्ता असेल ना?" होताच. यार्ड कशावर चालतं मग? पेन ड्राइव्हवरून त्याने तो घेतला आणि दारातच कारकुनाच्या हातात दिला. तक्ता कुणाचा, कुठून आला, ह्याच्याशी त्या कारकुनाला काही देणंघेणं नव्हतं. हातात आला, तो कामाला लागला. पडद्यावर टँकर धक्क्याला लागला, पाणी चढलं, उतरलं.

डॉकिंगवाल्याने आकडे पाहिले, आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. "हां," तो म्हणाला. "हा समुद्र बरोबर आहे."

परतीच्या टॅक्सीत मॅनेजर पुढे बसली होती. बुकित बातोक आल्यावर ती एवढंच म्हणाली, "सो. कॅन." हे कुणाबद्दल होतं ते विचारायची गरज नव्हती.

घरी मी बायकोला सांगितलं की दोष नेटवर्कचा होता. आजही माझं तेच मत आहे. ती म्हणाली, "हो, आणि तुळशीच्या वेळी फ्रिजचा होता." मग तिने जास्तीची एक पोळी माझ्या ताटात वाढली. आमच्याकडे सहानुभूती ह्याच वाटेने येते.

पुढच्या काही दिवसांत मी माझा कारकून पुन्हा लिहिला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्यापेक्षा चांगला लिहून दाखवू, एवढाच हेतू होता. मत्सराइतकं काटेकोर काम भक्तीकडूनही होत नसावं. कंस उघडला आणि त्याला खरोखर जे जे लागतं ते एकेक मांडत गेलो. भरती, क्रेन, वारा, तारीख, सुट्ट्या. कंस पहिल्या ओळीच्या टोकाला गेला, दुसरीवर उतरला, आणि मला त्याच्याकडे बघवेना. तेव्हा लक्षात आलं की हा एक कारकून नाहीच, दोन आहेत. एक पाण्याचं बघणारा आणि एक माणसांचं. वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत दाटीवाटीने बसले होते बिचारे. ईमेलचा सर्व्हर मी काढून टाकला. काहीही बिघडलं नाही. शून्य धरण्याची सवयही काढली. आता भरती दिली नाही तर तो कामाला यायलाच नकार देतो, आणि तेही सकाळी, दारातच, गिऱ्हाईक यायच्या आधी. सगळं आधीपेक्षा सरळ झालं होतं. मी ते तपासणीसाठी त्याच्याकडे पाठवलं आणि त्यात निदान एक चूक निघावी म्हणून वाट बघत बसलो.

त्याने एकच शब्द लिहून पाठवला: "सुंदर."

मी तो शब्द बराच वेळ बघत होतो. त्यात कुठेही उपहास नव्हता. मी फार शोधला.

निकाल पँट्रीत जाहीर झाला. मॅनेजरने रंगीत थरांची कुए ही इथली मिठाई आणली होती, म्हणजे प्रसंग मोठा होता. तिने दोन वाक्यांचं भाषण केलं. पहिल्यात माझं नाव आलं, मी किती वर्षं इथे आहे ते सांगण्यासाठी. दुसऱ्यात त्याचं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि माझ्या जरा जास्त वेळ वाजल्या, कारण थांबलो तर चेहऱ्याचं काय करायचं हे ठरलं नव्हतं.

"दादा, तुमच्याशिवाय नाही जमणार," तो म्हणाला.

"जमेल," मी म्हणालो.

संध्याकाळी बायकोने पुण्याला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो दुसरा मुलगा कुठला?" पुण्याचाच, कोथरूडचा, असं कळल्यावर ती म्हणाली, "मग बरं झालं. घरातल्या घरातच राहिलं." माझी आई सदाशिव पेठेतली आहे. तिने कोथरूडला घरात धरलेलं मी प्रथमच ऐकलं. मुलगा हरल्यावर पुण्याच्या हद्दी वाढतात.

आता आर्किटेक्टच्या पदाबरोबर काय मिळतं, हे मला इतकी वर्षं नीटसं माहीत नव्हतं. जुना आर्किटेक्ट त्याबद्दल काही बोलायचा नाही आणि मी ते त्याच्या मोठेपणात जमा केलं होतं. त्या दिवशी कुए संपल्यावर मॅनेजरने पर्समधून एक किल्ली काढली होती आणि सगळ्यांसमोर, काहीशा गांभीर्याने, त्याच्या हातात दिली होती. जुन्या आर्किटेक्टने जाताना तिच्याकडे सोपवलेली. त्या किल्लीने मला दोन रात्री झोप लागू दिली नाही. तिसऱ्या दिवशी मी सहज, काम नसल्यासारखं त्याच्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं.

"स्टेशनरीच्या कपाटाची आहे, दादा," तो म्हणाला.

मी जाऊन बघितलं. कपाटाला कुलूप नव्हतं.